डोक्यावरचा खंड्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. (परवानगी सध्या चार बोटांची आहे. उरलेला नमस्कार बरा झालो की पाठवीन.) तू, लेक, जावई आणि घरातली नवी पाहुणी सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. नातीचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं कळलं. तिच्या आईवडिलांचं माझ्या वतीने सांत्वन कर. फोन सोडून हा माणूस पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा पाळण्यातून असा काही सूर लागला की त्यात माझं रडणं कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि तू 'बरं बरं, छान' म्हणून फोन ठेवून दिलास. छान नाही, ताई. म्हणून लिहितोय.

भावोजींनी सहलीचा वृत्तांत तुला कळवलाच आहे. पाठवण्याआधी त्यांनी तो मला वाचून दाखवला, कारण खरेपणाची त्यांना फार चाड. 'हवा उत्तम. प्रकाश उत्तम. तुझा भाऊ सोबत होता, त्याची थोडी मदत झाली.' संपला वृत्तांत. यातल्या 'थोडी मदत' या दोन शब्दांत माझा एक बूट, कंबरेचे दोन मणके आणि समाजातली माझी बावीस वर्षांची पत बुडालेली आहे, एवढंच तुझ्या कानावर घालायचं होतं. पण एवढंच सांगून थांबलो तर तू त्यांचीच बाजू घेशील, म्हणून सविस्तर लिहितो.

तू लेकीकडे गेलीस तेव्हा दोन वस्तू मागे ठेवून गेलीस, एक नवरा आणि एक कॅमेरा. दोन्ही नीट चालतात की नाही याची खात्री नव्हती आणि दोन्हींवर लक्ष मी ठेवायचं होतं. चौतीस वर्षं वजनमापे तपासनीस म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर चार महिने खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला, दिवसाला चार शब्द बोलला, आणि त्यातले दोन 'नको' होते, हे मला ठाऊक होतं. गाडीत बसताना तू माझा हात धरून म्हणालीस, त्यांना कुठेतरी घेऊन जा आणि बोलतं कर. ताई, मी त्यांना बोलतं केलंय. आता बंद कसं करायचं तेही सांगून ठेवलं असतंस तर उपकार झाले असते.

तुझ्यामागे त्यांनी कॅमेऱ्याचं खोकं उघडलं आणि आतलं माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलं. मग तपासणी सुरू झाली. कंपनीने लिहिलेल्या लांबीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून लेन्स पट्टीने मोजली. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि बॅग मिळून वजन नऊ किलो चारशे ग्रॅम भरलं. हा आकडा त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितला. तेव्हा मी कौतुकाने मान डोलावली. ते नऊ किलो चारशे ग्रॅम कुणाच्या खांद्यावर जाणार आहेत हे विचारायचं मला सुचलं नाही. सोबतीला माझीच निवड का, तर म्हणे, "तू भिंगांचा माणूस आहेस." आता मी चष्मे करतो. म्हाताऱ्यांना पेपर वाचता यावा एवढीच माझ्या भिंगांची झेप. चष्म्याच्या भिंगाचं आणि शंभर फुटांवरचं पीस टिपणाऱ्या लेन्सचं नातं चपला शिवणाऱ्याचं घोड्याला नाल ठोकणाऱ्याशी असेल तेवढंच. पण हे त्यांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुकान चार दिवस बंद ठेवलं आणि बसने चार तासांवरच्या एका तलावाकाठी जाऊन पोचलो. तिथे एक विश्रामगृह, ते चालवणाऱ्या एक बाई, आणि एक नावाडी. नावाडी इतका अबोल की खिडकीपाशी बसलेले भावोजी त्याच्यापुढे वक्ते वाटावेत.

निसर्ग छायाचित्रणाचा आनंद काय असतो, हे तुला घरबसल्या कळावं म्हणून थोडं तंत्र सांगतो. पहिली गोष्ट प्रकाश. चांगला प्रकाश सभ्य माणसं झोपलेली असतानाच पडतो. तो 'सोनेरी' असतो आणि वीस मिनिटं टिकतो. त्यासाठी चारला उठायचं, थंडीत कुडकुडत काठावर जायचं, ट्रायपॉडचे तीन पाय उघडायचे (दोन उघडतात, तिसरा माझ्या अंगठ्यावर उघडतो), आणि सगळं मनासारखं होईतो प्रकाश सोनेरीचा साधा होतो. मग संध्याकाळपर्यंतचा प्रकाश 'कडक' म्हणून वाया. म्हणजे दिवसभर काहीच काढायचं नसतं, पण चुकून काढायची वेळ आलीच तर सामान जवळ असावं म्हणून नऊ किलो चारशे ग्रॅम घेऊन भटकायचं. दुसरी गोष्ट रचना. ज्याचा फोटो काढायचा ते कधीही मधोमध ठेवायचं नाही, एका बाजूला ठेवायचं. मी हौसेने तलावासमोर उभा राहिलो तर त्यांनी मला जरा डावीकडे सरकवलं, मग आणखी डावीकडे, आणि मी पूर्ण बाहेर गेल्यावर म्हणाले, आता जमलं. तिसरी गोष्ट संयम. उकडलेली अंडी समोर आली की आधी त्यांच्यावर खिडकीतला उजेड कसा पडतो ते बघायचं. उजेड पडेपर्यंत अंडी गार होतात. त्यालाच संयम म्हणतात.

भावोजींना हवा होता खंड्या. तोच तो निळ्या पाठीचा, लांब चोचीचा, पाण्यात सूर मारून मासा पकडणारा. आणि नुसता नको, चोचीत मासा असलेलाच हवा. पहिल्या सकाळी खंड्या आला, अगदी समोरच्या फांदीवर बसला, मासा घेऊन बसला. भावोजींनी श्वास रोखून वीस फोटो काढले. लेन्सचं झाकण लेन्सवरच होतं. (हे मला आधीपासून दिसत होतं. पण आदल्याच दिवशी त्यांनी मला दम दिला होता, 'मी कॅमेऱ्याला डोळा लावला की तू चकार शब्द काढायचा नाही.' मी आज्ञाधारक मेहुणा आहे.) दुसऱ्या दिवशी झाकण काढलं होतं. बोट दाबून धरलं की एका दमात खूप फोटो निघतात, असा एक खटका त्यांना सापडला होता. तो त्यांनी दाबला, पण खंड्या उडाल्यावर. खंड्या नुकताच उडून गेलेल्या फांदीचे ऐंशी फोटो त्यांनी जेवताना विश्रामगृहाच्या बाईंना दाखवले. बाई भल्या. त्यांनी ऐंशीच्या ऐंशी बघितले आणि फांदी फार छान आली आहे असं सांगितलं. त्या दिवशी भावोजी पुन्हा गप्प झाले. जेवण अर्धं टाकून खिडकीपाशी जाऊन बसले, आणि खरं सांगतो, ती खुर्ची आणि ती पाठ बघून मीही ताट बाजूला सारलं. म्हटलं, हे तर घरीही जमलं असतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी जेव्हा नावाडी म्हणाला की पलीकडच्या खाचेत, काठ आत वळतो तिथे, खंड्याचं रोजचं येणंजाणं आहे, तेव्हा त्यांच्याआधी मीच होडीत बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खाचेत उतरलो तर भावोजींच्या मते सूर्य चुकीच्या बाजूला होता. (सूर्यावर कारवाई करण्याचा अधिकार तपासनिसाला नसतो याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं.) मग ठरलं की समोरच्या गाळाच्या पट्ट्यावरून पलीकडे जायचं. पट्टा दिसायला चांगला टणक, वर वाळलेला, भेगा पडलेला. नावाडी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण त्याच्या वेगाने तोंड पूर्ण उघडेपर्यंत भावोजी मला म्हणाले, "तू पुढे हो, तू हलका आहेस." ताई, मी ब्याऐंशी किलो आहे. चौतीस वर्षं लोकांच्या तराजूतला एक ग्रॅमची खोट पकडणाऱ्या माणसाने माझ्याकडे नखशिखांत बघून हा निर्वाळा दिला. मी ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघालो. दहाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. पाय उपसायला गेलो तर मांडीपर्यंत. तोल सावरायला पुढे झुकलो तर तोंडावर आपटलो, आणि उठून उभा राहिलो तेव्हा कंबरेपर्यंत चिखलात होतो आणि वर टोपीपासून खाली चिखलापर्यंत सगळा एकाच रंगाचा.

आता इथे थोडा वेळ मी थट्टा करणार नाही. खालून कुणी हळूहळू ओढतंय असं वाटत होतं, पायाखाली काहीच लागत नव्हतं. नावाड्याने वल्हं पुढे करून पाहिलं, ते पोचेना. तो म्हणाला, हलू नका, हललात तर आणखी जाल, मी फळ्या आणि दोर घेऊन येतो. आणि होडी वळवून गेला. जाऊन यायला पाऊण तास. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते माझ्याकडे यायला निघाले तसा मी ओरडलो की दोघं अडकलो तर ताईला कोण सांगणार. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? कॅमेऱ्याचा पट्टा दोन्ही बाजूंनी सोडला, कॅमेरा सरळ गवतावर ठेवला, इस्त्रीच्या शर्टानिशी ते ओल्यात पालथे पडले, आणि पट्ट्याचं टोक माझ्याकडे फेकलं. हातभर कमी पडलं. पुन्हा फेकलं. आणखी पुढे सरकून पुन्हा. असं किती वेळा केलं, मी मोजलं नाही. शेवटी मीच म्हणालो की राहू द्या, मी आता खाली जात नाहीये, इथेच टेकलोय. ते तिथेच पालथे राहिले. आणि बोलू लागले.

ताई, एवढी वर्षं झाली तुमच्या लग्नाला, पण हा माणूस माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. बहुधा मी उठून जाऊ शकणार नाही याची खात्री झाली म्हणून असेल. निरोप समारंभाचं बोलले, त्यानंतर कचेरीतून एकाचाही फोन आला नाही त्याचं बोलले. मग म्हणाले, "मी बाजारात शिरलो की सगळी गल्ली सावध व्हायची. तराजू सरळ व्हायचे, माणसं उठून उभी राहायची. परवा मी त्याच गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. कुणी मानसुद्धा वर केली नाही." कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाले, "आता मला बघून सावध होतात ते फक्त पक्षी." हे ते विनोदाने म्हणाले की काय ते मला अजून कळलेलं नाही. मी हसलो नाही. तू मला सांगितलं होतंस की तुझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे ते तुला चार महिने कळत नाहीये, म्हणून हे जसंच्या तसं लिहिलं. पुढे ते तुझ्याबद्दल काहीतरी सांगणार होते. 'तुझी ताई गेल्यापासून घरात...' एवढं म्हणाले आणि वाक्य अर्ध्यावर सोडून माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

माझ्या टोपीवर काहीतरी येऊन बसलं होतं.

"हलू नकोस," भावोजी कुजबुजले. मी कंबरेपर्यंत रुतलेला माणूस, मी जाणार कुठे. त्यांनी हळूच हात लांब करून कॅमेरा ओढून घेतला आणि पालथ्यानेच डोळ्याला लावला. तेवढ्यात डोक्यावरचं ओझं हललं, समोरच्या पाण्यात सूर मारल्याचा आवाज झाला, आणि ओझं परत आलं, या वेळी ओलं. आता एक शास्त्रीय माहिती देतो, जी मला नव्हती. खंड्या मासा तसाच गिळत नाही. बसल्या जागी तो आधी आपटून आपटून मारतो. बसल्या जागेचं मत विचारायची पद्धत नाही. त्याने अकरा वेळा आपटला. शेपटी प्रत्येक वेळी माझ्या डाव्या भुवईवर येत होती. समोर खटखट खटखट कॅमेरा चालू होता, आणि भावोजींच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मला भरून आलं. वाटलं, माझे हाल बघून माणूस रडतोय. नंतर कळलं की फोकस जमला होता. एवढ्यात फळ्या आणि दोर घेऊन नावाडी येताना दिसला. मी डोळ्यांनी त्याला खुणा केल्या. भावोजींनीही केली, हाताने, थांब म्हणून. आणि तो थांबला. वल्हं आडवं घेऊन होडीत शांत बसून राहिला. एकूण दोन मासे झाले. दुसरा मोठा होता.

पुढे विशेष काही नाही. पक्षी गेला, फळ्या टाकल्या, काखेखालून दोर घातला, आणि दोघांनी मला मुळ्यासारखा उपटला. डावा बूट तलावाने ठेवून घेतला, कंबर तिथेच लचकली. विश्रामगृहाच्या बाईंनी अंगणातच बादल्या ओतून मला ओळखीचा केला. संध्याकाळी भावोजींनी स्वतःच्या हाताने माझ्या कंबरेला मलम चोळलं. चोळताना अखंड बोलत होते, शटरचा वेग, पाण्याचे थेंब, पिसांचा पोत, आणि मधूनच 'फार दुखतंय का रे'. मग मला तो फोटो दाखवला. मी भिंगांचा माणूस आहे, खोटं बोलवत नाही. फोटोत दोष काढायला जागा नव्हती. मोठा करून बघितलं तर पक्ष्याच्या डोळ्यात तलावाचा काठ दिसत होता, आणि काठावर पालथा पडलेला एवढासा माणूस.

तेव्हापासून भावोजी घरात सापडत नाहीत. गावातल्या छायाचित्रकारांच्या मंडळात जातात, 'संयमाचं तंत्र' या विषयावर त्यांनी व्याख्यान दिलं, आणि तोच फोटो दाराएवढा मोठा करून मंडळाच्या प्रदर्शनात लावलाय. हॉल नेमका माझ्या दुकानासमोर. नंबर तपासायला येणारी माणसं आता आधी तिकडे जातात आणि मग इकडे येऊन मला त्या फोटोचं वर्णन ऐकवतात. मी सगळं निमूट ऐकतो. पण तुला स्पष्ट कळवतो की छायाचित्रण या विषयाशी माझा संबंध इथे संपला. निसर्गावर माझा राग नाही. त्याने त्याच्या जागी असावं, मी माझ्या. यापुढे कुणी मला 'जरा बॅग धर' असं जरी म्हटलं तरी मी नातं बघणार नाही. तू परत येशील तेव्हा तुझा नवरा तुला बोलका करून दिलेला आहे, तो तपासून ताब्यात घे. नातीला माझा आशीर्वाद, लेक-जावयांना प्रेम.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं तर एका छोट्या कामासाठी हे पत्र. त्या फोटोखाली मंडळाने पाटी लावली आहे, 'खंड्या, न्याहारी करताना, ओंडक्यावर'. मी रविवारी दीड तास त्या फोटोशेजारी उभा होतो. एकानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले की लाकडाचा पोत काय सुंदर उतरलाय. फोटो काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त भावोजींना सांगून पाटी बदलून घे. 'खंड्या, मासा आणि मेहुणा' एवढं पुरे. आणि एक प्रत तुझ्या भावजयीला हवी आहे, मोठ्या आकारात. ती आल्यागेल्याला दाखवायला म्हणते, मी नाही.

ता. क. २ – पुढच्या महिन्यात भावोजी आठ दिवस डोंगरात चाललेत, गरुडासाठी. सोबत मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांना नेणार आहेत असं कानावर आलं. तो माणूस पाच मिनिटं गप्प उभा राहू शकत नाही. त्याच्या डोक्यावर चिमणी बसणार नाही. मला कुणी विचारलेलं नाही. मी आपणहून म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून तू त्यांना सहज सुचव. विचारलं तर मी नाहीच म्हणेन, ते ठरलेलं आहे. फक्त त्यांना सांग, दुसऱ्यांदा विचारायला फार उशीर लावू नका, कारण नवे बूट सैल व्हायला आठवडा तरी लागतो.